गॉडस्पीड प्रश्नावली मराठीत वापरणार असाल तर आधी हे वाचा

रोबोचं दिसणं लोकांना कसं वाटतं यावर प्रोजेक्ट करायचाय म्हटलं की गाईड पहिल्याच मीटिंगला एक नाव सांगतात, गॉडस्पीड वापर. मलाही तेच सांगितलं होतं आणि मी फारसा विचार न करता ती उतरवून घेतली, एका दुपारी भाषांतर करून टाकलं, प्रिंट काढल्या आणि लोकांना वाटल्या, आणि पहिल्या पाच जणांतच लक्षात आलं की हे असं चालणार नाहीये. त्यानंतर अख्ख्या दोन सेमिस्टर मी आणि माझी पार्टनर ह्या एकाच प्रश्नावलीबरोबर होतो. मराठीतून हे काम करणाऱ्या पुढच्या मुलांचे निदान ते पहिले तीन महिने वाचावेत म्हणून हा रिव्ह्यू.

रेटिंग आधीच देते, पाचपैकी चार. आणि ते चारही मनापासून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, क्रिस्टोफ बार्टनेक आणि त्यांच्याबरोबरच्या तिघांनी २००९ मध्ये ही प्रश्नावली मांडली. एकूण २४ शब्दजोड्या आहेत, एका टोकाला एक विशेषण, दुसऱ्या टोकाला त्याच्या उलट, मध्ये १ ते ५, आणि रोबो बघून तुम्हाला जो आकडा बरोबर वाटेल त्यावर खूण करायची. त्या २४ जोड्यांचे पाच गट आहेत: माणसासारखेपणा, सजीवपणा, आवडणं, हुशारी आणि सुरक्षित वाटणं. बास. फुकट आहे, परवानगीची भानगड नाही, बऱ्याच भाषांतले अनुवादही मिळतात, आणि एक माणूस पाच-सात मिनिटांत भरून मोकळा होतो, त्यामुळे तुमच्याकडे ना पैसे ना लॅब अशी अवस्था असली तरी काम सुरू करता येतं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जगभरात इतक्या लोकांनी ही वापरली आहे की तुमचे आकडे दुसऱ्या कोणाच्या तरी आकड्यांशेजारी ठेवून बघता येतात. मी आधी स्वतःच प्रश्न बनवणार होते, 'हा रोबो तुम्हाला आवडला का' वगैरे, आणि आता वाटतं बरं झालं सरांनी तेव्हाच थांबवलं, कारण स्वतःचे प्रश्न नेमकं काय मोजतात हे सिद्ध करण्यातच वर्ष गेलं असतं.

आता भाषेचं. इथेच खरी मेहनत आहे.

मूळ इंग्रजीत विशेषणांना लिंग नाही. मराठीत आहे. 'खालील रोबो तुम्हाला कसा वाटला' एवढं लिहिलंत की तुम्ही त्या रोबोला पुरुष करून टाकलंत, अजून एकही खूण झालेली नसताना. चांगला, चांगली, चांगलं, खोटा, खोटी, खोटं, प्रत्येक ठिकाणी तेच. हे बारीकसारीक वाटेल पण नाहीये, कारण रोबो बाईसारखा वाटतो की पुरुषासारखा यावर लोकांची मतं सरळ बदलतात. आयसेल आणि हेगेल यांचा २०१२ चा एक अभ्यास आहे, त्यात फ्लोबी नावाच्या रोबोच्या डोक्याला एकदा लांब केस आणि एकदा आखूड केस दाखवले, तर लांब केसांचा लोकांना बाईसारखा आणि जास्त मायाळू वाटला, आखूड केसांचा पुरुषासारखा आणि जास्त ठामपणे वागणारा वाटला. त्यांना त्यासाठी केस बदलावे लागले. आपल्याकडे ते काम एक वेलांटी करते.

मग करायचं काय? पहिला विचार आला नपुंसकलिंग, म्हणजे 'हे यंत्र कसं वाटलं', पण यंत्र म्हटलं की माणसाच्या डोक्यात यंत्रच येतं आणि पुढच्याच ओळीत तुम्ही त्याला विचारताय की हे यंत्राप्रमाणे वाटतं की माणसाप्रमाणे, म्हणजे उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंत. शेवटी आम्ही वाक्य केलं 'या फोटोकडे बघून तुम्हाला काय वाटतं?' आणि जोड्यांमध्ये शक्य तिथे न बदलणारी विशेषणं घेतली. मराठीत अशी भरपूर आहेत, शोधायला बसलं की सापडतात: कृत्रिम, नैसर्गिक, जिवंत, निर्जीव, हुशार, शांत, प्रेमळ, समंजस, जबाबदार, अस्वस्थ, निवांत, छान. 'यंत्रासारखा-माणसासारखा' मध्ये लिंग येतं, 'यंत्राप्रमाणे-माणसाप्रमाणे' मध्ये येत नाही. हा बदल सुचला त्या दिवशी मी आणि पार्टनर खरंच नाचलो होतो.

मृत आणि जिवंत ही जोडी बघा. इंग्रजीत ठीक असेल, मराठीत 'मृत' म्हटलं की घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाटतं. आम्ही पहिल्या खेपेला 'मेलेला-जिवंत' लिहिलं होतं आणि ओळखीतल्या एका काकूंना कागद दिला, समोर नाओचा फोटो, तो ५८ सेंटीमीटरचा छोटा पांढरा रोबो. काकू चष्मा वर करून बराच वेळ फोटो बघत बसल्या, मग म्हणाल्या, "मेला किती गोड आहे गं!" आणि पेन्सिल तशीच हातात धरून मला विचारलं, "पण मेलेला कसा असेल, जन्माला कधी आला होता?" पेन्सिल १ आणि ५ च्या मध्ये तरंगत होती आणि शेवटी त्यांनी ३ वर टेकवली. तो ३ म्हणजे 'अर्धवट जिवंत' नव्हता ना, तो 'प्रश्नच चुकलाय' असा ३ होता, पण एक्सेलमध्ये दोन्ही ३ सारखेच दिसतात. त्या दिवसानंतर आम्ही 'निर्जीव-जिवंत' केलं आणि तिथे अडकणं थांबलं.

यांत्रिक-ऑरगॅनिकचं भाषांतर मी शब्दकोशातून 'सेंद्रिय' घेतलं होतं. दोघांनी विचारलं, सेंद्रिय म्हणजे खतासारखं का? तो शब्द आता शेतीचा झालाय, तो परत घेता येत नाही, आम्ही 'जैविक' वर आलो आणि तोही मला शंभर टक्के पटलेला नाही. 'बेशुद्ध-शुद्धीवर' वाचून लोकांना दवाखाना आठवला, म्हणून टोकांना चक्क छोटी वाक्यं टाकली, 'भान नाही' आणि 'भान आहे'. इनर्ट या शब्दासाठी मला 'ढिम्म' फार आवडला होता, अगदी नेमका शब्द, हाक मारली तरी हलत नाही तो ढिम्म, पण मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या एका मैत्रिणीला आम्ही मराठीवरून परत इंग्रजी करायला दिलं तेव्हा ढिम्मचं तिने 'हट्टी' केलं, कारण आपण तो शब्द मुद्दाम न ऐकणाऱ्या माणसालाही लावतो. म्हणून जड मनाने 'निष्क्रिय' घेतला. हे उलट भाषांतर कराच, एक संध्याकाळ जाते पण अशा चुका दुसऱ्या कुठल्या मार्गाने दिसत नाहीत.

आणि एक, आदरार्थी. त्वचा, केस, पापण्या सगळं असलेल्या एका रोबोचा फोटो बघून एका आजोबांनी विचारलं, "ह्या बोलतात का?" त्याच आजोबांनी आधीच्या चाकांवरच्या रोबोला 'ते' म्हटलं होतं, तिसऱ्याला 'हा'. मी तेव्हा फक्त खुणा गोळा करत होते, लोक कुठलं सर्वनाम वापरतात हे लिहून ठेवावं हे डोक्यातच आलं नाही आणि त्याची मला आजही हळहळ वाटते. मराठी माणूस रोबोला कुठल्या खान्यात टाकतो हे तो आकड्याच्या आधी सर्वनामातून सांगतो. कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या, खरंच घ्या.

आता कापलेल्या स्टारबद्दल.

पहिली अडचण, 'कृत्रिम-जिवंतासारखं' ही जोडी मूळ प्रश्नावलीतच दोन गटांत आहे, माणसासारखेपणातही आणि सजीवपणातही. भरणारा माणूस म्हणतो अहो हे झालंय की मघाशी. मग ते दोन गट एकमेकांना चिकटलेले येतात यात नवल नाही, आणि ही तक्रार फक्त माझी नाही, हो आणि मॅकडॉर्मन यांनी २०१० मध्येच दाखवलंय की ह्या गटांमधले आकडे एकमेकांबरोबर फार जास्त हलतात. म्हणजे तुम्ही पाच वेगळ्या गोष्टी मोजताय असं रिपोर्टात लिहिता पण त्यातल्या काही आतून एकच असतात, बरेचदा नुसतं 'आवडला' किंवा 'नाही आवडला'.

दुसरी, सुरक्षित वाटण्याचा गट. यात तीनच जोड्या आहेत आणि त्या रोबोबद्दल नाहीत, भरणाऱ्याच्या स्वतःच्या मनाबद्दल आहेत, पण एकवीस जोड्या रोबोबद्दल भरून आलेला माणूस त्याच तंद्रीत पुढे जातो आणि रोबो शांत आहे का ते भरतो. त्याला मोठ्या अक्षरात थांबवावं लागतं, 'आता स्वतःबद्दल सांगा'. त्यातली तिसरी जोडी निश्चल-चकित. मघाचेच आजोबा तिथे थांबले आणि म्हणाले, "चकित होणं चांगलं की वाईट ते सांगा, मग खूण करतो." आम्हाला नंतर क्रोनबाख अल्फा (एका गटातल्या जोड्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढताना पूर्ण आठवडा लागला हे समजायला की ह्या जोडीची दिशा बाकी दोघींच्या उलट आहे, निवांत आणि शांत ही चांगली टोकं उजवीकडे आणि इथे उजवीकडे चकित, त्यामुळे आकडा उलटा करून घ्यावा लागतो, नाहीतर अल्फा ०.७ च्या कुठेतरी खाली लोळतो आणि तुम्ही लोकांना दोष देत बसता. आजोबांनी ते एका वाक्यात पकडलं होतं.

तिसरी, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची. आपण बहुतेक जण फोटो दाखवतो, कारण रोबो कुठून आणणार. फोटोत 'ताठर हालचाल-डौलदार हालचाल' या जोडीला काही अर्थच नाही. 'बेजबाबदार-जबाबदार' लाही फारसा नाही, फोटोतल्या रोबोने अजून काही केलेलंच नाही. आम्ही हालचालीची जोडी काढून टाकली आणि काढली असं रिपोर्टात स्पष्ट लिहिलं. तुम्हीही लिहा, लपवू नका, परीक्षक विचारतातच. शक्य असेल तर निदान व्हिडिओ दाखवा, आणि कुठे खरा रोबो मिळाला तर काहीही करून तो मिळवा, कारण समोर असणं ही वेगळीच गोष्ट आहे. बेनब्रिज आणि सहकाऱ्यांचा २०११ चा प्रयोग वाचा, रोबो लोकांना सांगतो की ही पुस्तकं कचऱ्यात टाका, आणि रोबो प्रत्यक्ष खोलीत असेल तर लोक ते विचित्र काम जास्त वेळा करतात, स्क्रीनवर असेल तर कमी. रोबो तोच, सांगणंही तेच.

ज्यांचा विषय 'अनकॅनी व्हॅली' आहे त्यांनी तर एकटी गॉडस्पीड वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये 'एनर्जी' नावाच्या जपानी मासिकात हा विचार मांडला, बुकिमी नो तानी, की रोबो माणसासारखा होत जातो तसा आपल्याला जवळचा वाटत जातो, पण अगदी माणसाजवळ पोचता पोचता एकदम अंगावर काटा येतो. त्यांनी कृत्रिम हाताचं उदाहरण दिलंय, दिसायला खरा, हातात घेतला की गार. आता मला सांगा, गॉडस्पीडच्या २४ जोड्यांत हा अंगावर येणारा काटा कुठे आहे? नाहीये. नावडतं आहे, अप्रिय आहे, पण ज्याला आपण 'कसंतरीच वाटतं' म्हणतो ते नाही. 'कसंतरीच' आणि 'आवडत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणालाही विचारा. त्यासाठी वर सांगितलेल्या हो आणि मॅकडॉर्मन यांच्याच मोजपट्ट्या आहेत, त्यात हा विचित्रपणा वेगळा मोजतात, किंवा मग रोसास नावाची दुसरी प्रश्नावली घ्या, २०१७ ची, १८ शब्दांची. त्यात जोड्या नाहीत, एकेक शब्द देतात आणि तो ह्या रोबोला कितपत लागू पडतो ते विचारतात. सहा शब्द आपुलकीचे, सहा कर्तबगारीचे आणि सहा अस्वस्थतेचे, भीतीदायक, विचित्र, अवघडलेलं, धोकादायक वगैरे. विरुद्ध शब्द शोधायची कटकट नसल्यामुळे भाषांतरही सोपं जातं. मी आज नव्याने सुरुवात केली तर कदाचित रोसास आणि गॉडस्पीडचा फक्त माणसासारखेपणाचा गट असं दोन्ही घेईन.

फोटो कुठून घ्यायचे हाही प्रश्न येतोच. नेटवरून दिसेल तो उचलू नका, एकात रोबो अंधारात, एकात मुलांबरोबर हसतोय, मग लोक रोबोला मार्क देतायत की मुलांना? २०१८ पासून ॲबॉट नावाचा एक संग्रह आहे, २०० हून जास्त खरे रोबो, प्रत्येकाला तो किती माणसासारखा दिसतो याचा ० ते १०० मधला आकडा दिलेला, आणि कोणाला काय आहे काय नाही तेही नोंदवलेलं: त्वचा-केस-पापण्या एका बाजूला, हात-पाय-धड एका बाजूला, चेहरा-डोळे-तोंड वेगळं आणि चाकं-पट्टे वेगळे. आम्ही त्यातून कमी, मध्यम, जास्त असे निवडले आणि कामाला वेग आला. एवढा व्यवस्थित संग्रह करून तो सगळ्यांना खुला ठेवणाऱ्यांबद्दल मला खरंच कृतज्ञता वाटते.

ऑनलाइन फॉर्मबद्दल दोनच गोष्टी. आम्ही एक फुकट फॉर्म-सेवा वापरली होती, लॅपटॉपवर झकास दिसायचं, पण छोट्या फोनवर उजव्या टोकाचा शब्द स्क्रीनच्या बाहेर जायचा आणि ५ म्हणजे काय हेच दिसायचं नाही. हे आम्हाला चाळीसेक लोकांनी भरल्यावर एका मुलीने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं आणि ते सगळे फॉर्म बाजूला ठेवावे लागले, रडू आलं होतं त्या रात्री. स्वतःच्या घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर आधी भरून बघा. दुसरं, रोबोबद्दलच्या चारही गटांच्या जोड्या एकत्र मिसळा, गटाची नावं छापू नका, बार्टनेक यांनी स्वतःच हे सांगितलंय, आणि रोबोंचा क्रम प्रत्येकाला वेगळा द्या, कारण फार माणसासारखा रोबो आधी दाखवला की पुढचा चाकांवरचा बिचारा फारच डबा वाटतो.

आणि एक गोष्ट आमच्या हातून अपघाताने झाली. सुधारलेली प्रश्नावली घेऊन आम्ही परत त्याच काकूंकडे गेलो. ह्या वेळी कुठे न अडखळता त्यांनी सगळं भरलं, पण नाओच्या पानावर समासात, छापलेल्या चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरात लिहिलं: 'डोळे मोठे आहेत पण पापण्या नाहीत, मिटणार कसे? झोपत नसेल.' २००२ मध्ये डिसाल्वो आणि मंडळींनी ४८ रोबोंच्या डोक्यांचा अभ्यास करून सांगितलं होतं की नाक, पापण्या आणि तोंड यांनी चेहरा माणसासारखा वाटायला जास्त मदत होते, मी ते वाचलं होतं, पाठही केलं होतं व्हायवासाठी, पण पापणी का लागते ते मला त्या समासातल्या ओळीने कळलं. काकूंनी त्या फोटोला सजीवपणात २ दिले होते आणि आवडण्यात ५. नुसत्या आकड्यांवरून मी त्याचा काय अर्थ लावला असता कोण जाणे.

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक फोटोखाली एक रिकामी ओळ ठेवायला लागलो, पुढे फक्त 'का?' एवढंच. गॉडस्पीडमध्ये ती ओळ नाही, तुम्हाला स्वतःच टाकावी लागेल. जागा जरा जास्त सोडा, आम्ही एकच ओळ ठेवली होती आणि लोक कागद उलटा करून मागे लिहीत होते.